कारणाचा रकाना

डबा सव्वा किलोचा.
स्कूटीवर पायांच्या मधे ठेवतो,
पवनीहून निघालो की तलावाची पाळ येईपर्यंत
नडगीला घासत राहतो.

आत एक काच, नखाएवढी.
काचेवर सोन्याचे खांब,
इतके बारीक की एका केसाच्या जाडीत
पाच-सहाशे मावतील,
रोवणीसारखे,
दोरी लावून रोवलेले.
प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या होत्या,
हा रंग नुसत्या सोन्याचा नाही,
खांबांच्या मापाचा आहे, मधल्या जागेचा आहे.
रक्तातलं जे शोधायचंय ते येऊन चिकटलं
की परतणारा उजेड लालकडे सरकतो.
चार नॅनोमीटर किंवा जास्त : आजार आहे.
मी वहीत उतरवून घेतलं.
समजलं असं नाही म्हणणार.

समाजमंदिराचे टिन तापले होते.
तेजराम मारबते, वय एकोणीस,
बांधीवरचं गवत कापून आला त्याला बारा दिवस,
ताप नऊ दिवसांचा.
किडा चावल्याची काळी खपली शोधली,
काखेत, कमरेला, कानामागे.
नाही सापडली.
बोटातून थेंब घेतला. काचेवर सोडला. वीस मिनिटं.
मधेच तालुक्याहून फोन,
कालचा आकडा अजून का भरला नाही.
मी पंख्याखाली उभा राहून आकडा सांगत होतो,
झाकण उघडंच.

यंत्र म्हणालं : एक पूर्णांक एक. नाही.

मी 'नाही' लिहिलंसुद्धा.

सायत्राबाई दारातच बसली होती,
तेजरामची आत्या,
तलावावरून तशीच आलेली, लुगड्याचा काठ ओला,
पाटीत पोष्ट्या, वर करंजीचा पाला.
म्हणाली, पाहू दे ना बाबू मले.
मी काच चिमट्यात धरून तिरपी केली,
जत्रेतला काचमणी दाखवावा तशी.
ती वाकली.
तिनं मान इकडून तिकडं नेली, काच नाही हलवली.

"खवल्यावानीच हाय.
पन सुकलेल्या."

मी हसलो.

"हासू नको. सकारची पोष्टी
अन् दुपारची पोष्टी,
गिऱ्हाईक मले फसवू नाही शकत
अन् मी गिऱ्हाईकाले.
खवला सुकला का रंग निंगून जाते.
मासा तोच रायते.
पानी मार त्याच्यावर, मंग बोल."

मग माझं हसू कुठं ठेवावं कळेना.
काचेवर पाणी नव्हतंच.
वीस मिनिटांचा पंखा, टिनाची धग,
आणि ते मिठाचं पाणी, जे सदैव वर असायला हवं,
उडून गेलेलं. खांबांच्या मधे नुसती हवा.
उजेड लालकडे गेला असेलही,
हवेनं त्याला मागं ओढून आणलं असेल.
वहीत हेही होतं,
पान सोळा, खाली, कंसात.

नवी काच घेतली.
तेजरामनं दुसरं बोट पुढं केलं,
काही न विचारता, पहिलंच असल्यासारखं.
झाकण लावलं. फोन वाजला, वाजू दिला.
वीस मिनिटं सायत्राबाई पाटीवर पाणी शिंपडत राहिली,
दर थोड्या वेळानं, न बघता.
टिनावर कावळा चालत होता.
कुणी काही बोललं नाही.

सहा पूर्णांक दोन.

डॉक्टरांना फोन केला,
त्यांनी सांगितलेल्या गोळ्या मोजून दिल्या,
सरपंचाच्या पोरानं त्याला गाडीवर मागं बसवून
आरोग्य केंद्रात नेलं.
सायत्राबाई सोबत गेली नाही,
मासे उतरायच्या आत विकायचे होते.

नोंदवहीत रकाना आहे :
पुन्हा चाचणी केल्यास, कारण.
बोटभर रुंद.
मी लिहिलं : उष्णता.
खोटं नाही ते.

रात्री डबा पुसताना
मुठीखालच्या खाचेत एक खवला मिळाला.
दिव्याखाली धरला, कोरडा, भुरका.
बोट ओलं करून टेकवलं.

थोडा वेळ लागला.
मग निळा आला, कडेनं हिरवा.
रकान्यात अजून जागा होती.
पेन खिशातच होतं.